अंडेमास्तरांच्या माघारी

अंड्याला ऊब लागते हे कोणीही सांगेल. पण त्याला मधूनमधून कुशीवर वळवावंही लागतं, हे फक्त कोंबडीला ठाऊक असतं आणि अंडेमास्तरांना. नाही वळवलं तर आतला जीव एका अंगाला चिकटतो आणि कवच फोडायच्या दिवशी बाहेर कोणीच येत नाही. कोंबडी चोचीने वळवते. मास्तर कॉम्प्युटरने वळवत.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. उबवणी केंद्रात पंखे पुसता पुसता ते उबवणीच्या खोलीचे सर्वेसर्वा झाले, तेव्हा कामगारांनी चिकटवलेलं हे नाव. पूर्वी यंत्राला बाहेरून एक लोखंडी दांडा होता. तो ओढला की आतले सगळे ट्रे एका बाजूला कलत, वळणावरच्या बसमधल्या उतारूंसारखे. पुढे केंद्राच्या मालकीणबाईंनी दांडा काढून मोटर बसवली आणि मोटरीला कॉम्प्युटर जोडला. बसवणारा माणूस मास्तरांना ट्रे फिरवायची कमांड शिकवून गेला. जाता जाता म्हणाला, "यात युनिक्स नावाची यंत्रणा आहे, काका. आत क्रॉन नावाचा एक पहारेकरी कायम जागा असतो. त्याच्या तक्त्यात वेळ आणि काम लिहून ठेवा. तुम्ही नसलात तरी तो करेल."

मास्तरांनी मान हलवली आणि क्रॉनला तिथेच झोपू दिलं. केंद्राच्या मागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर. गजर झाला की उठायचं, कमांड द्यायची, काचेतून ट्रे कललेले बघायचे, परत यायचं. दिवसा तेच, रात्री तेच. बायकोने त्या यंत्राचं नाव 'सवत' ठेवलं होतं. "उठा, सवतीने हाक मारली," असं ती झोपेतच म्हणायची आणि कूस बदलायची. तिला वळवायला मात्र कोणी लागत नव्हतं.

बायकोच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मास्तर येतो म्हणाले आणि ऐन वेळी अंड्यांपाशी राहिले. डोळ्यावर पट्टी बांधलेली ती बाई अनोळखी माणसाचा हात धरून रिक्षापर्यंत आली. घरी आल्यावर भांडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे कूस करून झोपली. आता डाव्या डोळ्याची तारीख ठरली होती.

"या खेपेला मी तुम्हाला विचारणार नाही," एवढंच ती म्हणाली.

झालं. मास्तरांनी क्रॉनला उठवायचं ठरवलं. तक्त्यात आधी वेळेचे पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग काम. त्यांनी चष्मा पुसून पुसून सगळं लिहिलं, ट्रे फिरवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता अगदी मुळापासून पुरा लिहिला आणि काचेपाशी जाऊन उभे राहिले. वेळ झाली. वेळ टळली. ट्रे जागचे हलले नाहीत.

परत येऊन त्यांनी हाताने कमांड दिली. ट्रे आज्ञाधारक सुनेसारखे कलले.

इथेच घोडं पेंड खात होतं. पहारेकरी झोपलाय की काय म्हणून मास्तरांनी त्याला दुसरं हलकं काम दिलं, नुसती वेळ लिहून ठेवायचं. त्याने ते चोख केलं. म्हणजे पहारेकरी जागा. मोटर धडधाकट. प्रोग्रॅम ठणठणीत. तिघंही सुटे सुटे गुणाचे आणि एकत्र आले की कामाचा पत्ता नाही. असं भावाभावांत होतं हे त्यांनी पाहिलं होतं, पण यंत्रांतही होतं हे नवीन होतं.

बसवणाऱ्याचा फोन लागेना. मास्तरांच्या डोक्यात मुंग्यांनी वारूळ केलं. यंत्राला आपल्याच हाताची सवय झालीय की काय, अशीही शंका आली. कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी एकदा डाव्या हाताने कमांड टाइप केली. तरी ट्रे कलले.

"म्हणजे उजव्या हाताचं काही नाही," ते जेवताना म्हणाले.

"कशाचं?" बायको म्हणाली.

"काही नाही. मी असलो की होतं. मी नसलो की होत नाही. बाकी सगळं तेच आहे."

"मग राहा इथेच," ती म्हणाली आणि ताटं उचलली. आवाज अजिबात चढला नव्हता.

शेवटी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं. हा मेहुणा बसल्या जागी डुलक्या काढण्यात पटाईत. पण अडला हरी. तो आला, पिशवी टाकली, म्हणाला, "बोला दाजी, काय काम?"

"सोपं आहे. आत जायचं, ट्रे फिरले का बघायचं, नसतील तर टेबलाशी बसून मी सांगतो ते टाइप करायचं. आधी जा, ट्रे बघून ये."

मेहुणा सरळ निघाला तो रस्त्यावरचे बूट घालून थेट उबवणीच्या खोलीत शिरला. मास्तरांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"अरे, बूट काढ. हात धू. ते पांढरे गमबूट घाल. बाहेरचा रोग आत गेला तर एक पिल्लू वाचायचं नाही. एवढी अक्कल नाही तुला?"

"तुम्ही कुठे सांगितलंत?" मेहुणा दंड चोळत म्हणाला. "तुम्ही म्हणालात, आत जा, ट्रे बघ."

"ते काय सांगायचं असतं? ते कोणीही करतंच."

"तुम्ही करता, दाजी. मी आजच आलोय."

मेहुण्याला वाटलं, आता मार बसतो. पण मास्तर वळले, टेबलाशी जाऊन बसले आणि हात कीबोर्डवर ठेवून थांबले. मग कमांड देऊ लागले, अगदी हळू, दुसऱ्याचे हात बघावेत तसे.

बोटांनी कमांड दिलीच नाही. बोटांनी आधी दुसरंच लिहिलं: 'उबवणी' नावाच्या फोल्डरमध्ये जा. मग कमांड. डाव्या हातानेही हेच केलं असणार. इतक्या वर्षांत हे लिहितोय असं मास्तरांना कधी वाटलंच नव्हतं. दाराशी चपला काढाव्यात तसं ते होत होतं.

ट्रे किती कलवायचे ती मापं त्या फोल्डरमध्ये ठेवलेली. प्रोग्रॅम ती शोधायचा, पण स्वतः जिथे उभा असेल तिथेच. मास्तर त्याला आधी खोलीत नेत, मग काम सांगत. क्रॉन बिचारा त्याला बाहेर अंगणातच उभा करून म्हणायचा, फिरव. तो इकडेतिकडे बघायचा, मापं दिसायची नाहीत, मुकाट निघून जायचा.

मास्तरांनी तक्त्यात कामाच्या आधी एक वाक्य घातलं, आधी त्या फोल्डरमध्ये जा. मग दोघंही काचेपाशी उभे राहिले, गमबूट घालून. वेळ झाली. मोटर खाकरली. ट्रे कलले.

"मग मी कशाला आलोय?" मेहुण्याने विचारलं.

"बघायला."

"काय?"

"नुसतं बघ," ते म्हणाले. "झोपू नकोस."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर ते बसले होते. बायको आत होती. घड्याळ पुढे सरकलं की त्यांचे पाय आपोआप उठायचे, दोन पावलं चालायचे आणि कुठे जायचं ते न कळून परत बसायचे. मग त्यांनी फोन लावला.

"फिरले का?"

"फिरले."

"कोणी फिरवले?"

"कोणीच नाही, दाजी. मी तर हललोसुद्धा नाही."

हे खरं असणार, याबद्दल शंका नव्हती. तरी मास्तरांचं समाधान होईना. सगळं ठीक आहे आणि आपण तिथे नाही, ही दोन वाक्यं त्यांना एकाशेजारी एक ठेवता येईनात.

थोड्या वेळाने नर्सने बायकोला बाहेर आणून बाकड्यावर बसवलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा उजेडाने मिटलेला. तिने हात पुढे करून चाचपडलं, तिच्या हाताला बाही लागली.

"कोण?"

"मी."

तिने बाही सोडली नाही, पण कपाळाला आठी पडली. "मग तिकडे ट्रे कोण फिरवतंय?"

"तसं बघितलं तर मीच," ते म्हणाले. "पण मी तर इथे आहे."

"मला काही कळलं नाही."

"मलाही पुरतं कळलेलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या चपला बाकड्याखालून ओढून तिच्या पायांपाशी नीट लावल्या, आधी उजवी, मग डावी, आणि तिला उठवलं.