तपासणीआधीच्या पोळ्या

नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मी माल पाठवण्याचं काम बघते. कोणत्या गाडीत किती गठ्ठे गेले, सही कोणाची, बाकी काय राहिलं, हे कागदावर उतरवल्याशिवाय मला घरी जाववत नाही. त्यामुळे मोठ्या बहिणीचं दुखणं वाढलं तेव्हा तिची फाइल कोणी न सांगता माझ्याकडे आली. ताई अकोल्याला जठारपेठेत राहते, मी अमरावतीत, पण रिपोर्ट सगळे माझ्या कपाटात.

दुखणं दोन वर्षांचं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, रक्त वाढायचं नाव नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही ती पांढरीफटक दिसायची. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायच्या. दसऱ्याच्या सुमारास अकोल्यातल्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठं आतडं तपासलं. लहान आतड्याच्या शेवटाला लाली आणि बारीक व्रण दिसले. तुकडा तपासायला पाठवला, त्यात क्षय निघाला नाही. सीलिअ‍ॅकसाठी रक्त तपासलं, तेही ठीक आलं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. सीलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. गहू कायमचा बंद करायचा, हाच उपाय. क्रोन्समध्ये आतड्याला आपोआप सूज येते, ती वर्षानुवर्षं औषधांनी ताब्यात ठेवावी लागते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: जुलाब, अशक्तपणा, वजन उतरणं. ताईची सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी ठीक आणि आतड्यात व्रण, म्हणून त्यांचा कल क्रोन्सकडे होता. त्यावरची औषधं शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, हेही त्यांनी सांगितलं.

इथेच आमचं घोडं अडलं. लग्नाआधी ताईला छातीचा क्षय होऊन गेला होता. ही औषधं घेतली तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. डॉक्टर म्हणाले, "तेवढी काळजी आपण घेऊच. पण मनात शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. फक्त उशीर करू नका." स्वतःहून असं सांगणाऱ्या डॉक्टरांचे आभार मला आधी मानले पाहिजेत.

मी ताईला आणि भाऊजींना अमरावतीला बोलावलं. इथल्या डॉक्टरबाईंनी फाइल शांतपणे वाचली, मिटली आणि ताईला विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाता ते सांगा."

"जेवण साधं आहे, मॅडम," मी म्हणाले. "तिखट, तेलकट बंद केलंय."

"तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या."

"सकाळी चहा," ताई म्हणाली. "दुपारी ज्वारीची भाकर, वरण, भाजी. राती भाकर नाई तं भात."

"पोळी?"

"पोळी नाई."

"कधीपासून?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. "आषाढी एकादशीपासून. चातुर्मासात गहू सोडला म्या."

चातुर्मासात काहीतरी सोडायचं, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. जे आवडतं तेच सोडायचं. ताईला निखाऱ्यावर भाजलेले गव्हाचे रोडगे इतके आवडतात की शेतातल्या पंगतीत ती वरणाची वाट न बघता नुसत्या तुपाबरोबर दोन संपवते. तिनं गहू सोडावा, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"अवो, पन मले काहून नाई सांगतलं?" भाऊजींचा आवाज चढला.

"तुमचं ताट वाढल्यावर माह्या ताटात काय हाय, हे कधी पाह्यलं तुमी?"

डॉक्टरबाई हसू दाबत होत्या. "कशासाठी सोडला?"

"हिच्यासाठी." ताईनं माझ्याकडे बोट केलं. "हिच्या छातीत गाठ निघाली होती उन्हाळ्यात. साधी निघू दे म्हनलं. नेम कोनाले बोलून दाखवत नसते."

गाठ साधी निघाली होती. ताईला मी फोनवर दोन वाक्यांत कळवलं होतं आणि पुढच्या कामाला लागले होते.

"मग या महिन्यांत पोट कसं होतं?"

"जुलाब कमी झाले. अशक्तपना नाई गेला, पन पोट शांत झालं. मले वाटलं, देव पावला."

"पावला असेलही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमचं रक्त तपासलं तेव्हा पोटात गहूच नव्हता. सीलिअ‍ॅकची तपासणी गहू खाणाऱ्याचीच खरी येते. सोडून महिने झाले की रक्त साफ दिसू शकतं." मग त्यांनी अजून एक गोष्ट विचारली. "गुडघ्याच्या, अंगदुखीच्या गोळ्या घेता का?"

"कदीमदी."

"कदीमदी?" भाऊजींना बोलायला जागा मिळाली. "रोज घेते, मॅडम!"

त्या गोळ्यांनीही आतड्यात तसे व्रण होऊ शकतात, असं कळलं. म्हणजे ज्या दोन खुणांवरून क्रोन्सचा अंदाज बांधला होता, त्या दोन्ही डळमळल्या. पण क्रोन्स नाही असंही कोणी म्हणू शकत नव्हतं. गोळ्या बंद, कार्तिकीला नेम संपला की रोज दोन वेळा पोळी, काही आठवडे. मग पुन्हा रक्त आणि वरून-खालून दोन्हीकडून दुर्बीण. "त्रास होईल. फार झाला तर मला फोन करा, आपण थांबवू," त्या म्हणाल्या.

ताई माझ्याकडेच राहिली. शेजारीण हसायची, "डॉक्टर साऱ्यांची पोळी बंद करते, तुमची तं चालू करून राहिली!" पहिले काही दिवस ताईही मजेत होती. एका रविवारी मी रोडगे केले, तिनं तूप ओतून खाल्ले. मग पोट बिघडलं आणि बिघडतच गेलं. मी पोळ्या लाटायची, ती खायची, आणि तासाभरात पोट धरून आडवी व्हायची. कामावर जाताना मी तिच्या उशाशी पाणी, टॉवेल, डॉक्टरबाईंचा नंबर ठेवून जायची. याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

भाऊजी अकोल्याहून आले आणि तिचा चेहरा बघून बिथरले. "बंद करा हे! गहू चालत नाई, हे दिसून राहिलं ना? मंग सोडू गहू, झालं!"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही दोनदा तसंच वाटलं होतं. मी उत्तर द्यायच्या आत ताई उठून बसली.

"आनि आत दुसरंच काई असलं तं? गहू सोडून बसन मी, अन् ते आतून कुरतडत राहीन. मले नाव पायजे याचं." मग माझ्याकडे वळून, "वाढ वो बाई. तू काय पाहून राहिली?"

मी वाढलं.

ठरलेले आठवडे संपले आणि पुन्हा तपासलेलं रक्त या वेळी बोललं. वरच्या दुर्बिणीत लहान आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे तंतू सपाट झालेले दिसले, तुकड्यानंही तेच सांगितलं. खालची लाली गोळ्या बंद केल्यावर गेली होती. सीलिअ‍ॅक. क्रोन्सची खूण कुठंही नाही.

"म्हंजे ते औषध नाई?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"बिलकूल नाई?"

"गहू नाही, रवा-मैदा नाही, जव नाही. लोहाच्या गोळ्या काही दिवस. बस."

भाऊजींनी डॉक्टरबाईंना हात जोडले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

आता ताईच्या घरी ज्वारी घरच्या छोट्या चक्कीवर दळली जाते, कारण बाहेरच्या गिरणीत आधी कोणाचा गहू दळला असेल सांगता येत नाही. भाऊजी किराणा दुकानात हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचतात. हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे कळल्यापासून त्यांचा कशावरच विश्वास राहिलेला नाही. ताईच्या मनगटावर बांगड्या पुन्हा घट्ट बसतात.

डॉक्टरबाईंनी शेवटी सांगितलं होतं की हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, सख्ख्या बहिणीनंही तपासून घ्यावं. मी पुढे ढकलत होते. एका सकाळी ताई न सांगता अकोल्याहून बसनं येऊन दारात उभी राहिली आणि मला लॅबमध्ये घेऊन गेली. रक्त घेणारीनं सुई टोचायच्या आत ताई म्हणाली, "तिनं गहू सोडला नाई. काल राती तीन पोळ्या खाल्ल्या, मी फोनवर इचारलं."

"मावशी, तसं मी विचारलंच नव्हतं," ती मुलगी हसून म्हणाली.

"तुमी नाई इचारत म्हनूनच सांगून राहिली," ताई म्हणाली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईकडे वळली. "तुमी कोनत्या तपासनीले आल्या? गहू खाता ना?"