कोपऱ्यातलं स्टूल

दुपारी दीडच्या सुमाराला मथुराबाई आपलं एक ताट आणि एक वाटी घासून ठेवते आणि स्वयंपाकघरातल्या चटईवर पाठ टेकते. झोपायचं नसतं तिला, नुसतं कमरेला बरं वाटावं म्हणून. असं म्हणणाऱ्या बायका पाच मिनिटांत घोरायला लागतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मथुराबाईचं मात्र तसं होत नाही. डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आठ महिने झाले नवऱ्याला, रेवणला जाऊन, तरी कान आपले आतल्या खोलीकडे. तो उठला की काय, पलंग वाजला की काय. खोलीत कुणी नाही हे त्या कानांना कोण सांगणार?

रेवण अहिरे म्हणजे मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातला फिटर आणि त्याच्या काळातला नावाजलेला बॉक्सर. रेल्वेच्या स्पर्धांत त्याच्या वजनात लागोपाठ तीन वर्षं त्याला कुणी हरवलं नाही. नाक दोनदा मोडलं, पण पाठ म्हणून कधी लागली नाही. निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षं बरी गेली आणि मग डोकं रिकामं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी खाल्लेले ठोसे आता वर आलेत. आधी नावं गेली, मग माणसं गेली. दिवेलागणीला तो मुठी आवळून उठायचा आणि समोर येईल त्याला प्रतिस्पर्धी समजायचा. भूषण, म्हणजे मुलगा, वापीहून आला होता तेव्हा बापाला धरायला गेला आणि ओठ फोडून घेऊन बसला. मथुराबाईनंही दोनदा गाल सुजवून घेतला आणि शेजारी सांगितलं, मोरीत पाय घसरला.

एकदा काय झालं, तो असाच अंगावर येत असताना तिच्या हातून उलथनं ताटावर पडलं. घंटेसारखा ठण्णकन आवाज झाला. रेवणनं तिथल्या तिथं मुठी खाली सोडल्या, वळला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. बसून तोंड उघडलं, पाण्यासाठी. फेरी संपली होती ना! मथुराबाई बघतच राहिली आणि मग तिनं ते घट्ट धरून ठेवलं. पुढची दोन वर्षं त्या घराचा सगळा संसार ताटावर चालला. अंघोळ एका फेरीत, जेवण दोन फेऱ्यांत. मध्ये स्टूल, घोटभर पाणी, टॉवेलनं वारा. शेजारणीला हे सांगताना ती हसायची आणि घरी आल्यावर रडायची.

आणि शेवटचा दिवस. तीन दिवस त्याच्या छातीत घरघर चालली होती, शुद्ध नव्हती, पण चादरीवरच्या मुठी काही सुटत नव्हत्या. भूषणनं फोनवरून नाशिकच्या मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली होती, तो स्वतःही निघाला होता. गाडी वाटेत होती. मथुराबाई उठली, ताट घेतलं आणि त्याच्या उशाशी एकदा वाजवलं. त्यानं श्वास सोडला. मुठी उघडल्या. वीस मिनिटांनी गाडी दारात आली. भूषण एवढंच म्हणाला, बाबा थोडे थांबले असते तर. तेव्हापासून त्याचा फोन येतो, जेवलीस का विचारतो आणि लवकर ठेवतो. ताटाचं तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. घंटा आपण लवकर वाजवली का, हा एकच प्रश्न ती आठ महिने उशाशी घेऊन आहे. त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र ती स्वतःलाही ऐकू देत नाही.

आज मोरीतल्या नळाचं थेंब थेंब वाजणं ऐकता ऐकता कानही मिटतात. पाठीखालची चटई हळूहळू ताणली जाते. चांगली टणक होते, बॉक्सिंगच्या रिंगमधल्या कॅनव्हाससारखी. मथुराबाई त्यावर पडलेली नाही, उभी आहे. ओटा जागच्या जागी आहे, पण चारी बाजूंनी दोर बांधलेत. लाल कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर, निळ्या कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप. वर, तो जिथं खेळायचा त्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलचे उंच पत्रे, त्यांतून धुळीचे कवडसे येतात. हे असंच असतं, असं तिला वाटतं. आपलं स्वयंपाकघर पहिल्यापासून एवढंच मोठं होतं.

सिलिंडरजवळच्या स्टुलावर रेवण बसलाय. एकतीस-बत्तीसचा असेल. नाक एकदाच मोडलेलं. मथुराबाई मात्र आहे तशीच, त्रेसष्टची, पांढऱ्या केसांची, आणि या तरण्या माणसापुढे तिला उगाच लाज वाटते. ती पदर सारखा करते.

“आलीस मथुरे?” तो म्हणतो. जसं काही तीच कुठं निघून गेली होती.

तिला पिंपाला धरावं लागतं. दोन वर्षं या तोंडातून तिचं नाव आलं नव्हतं. तो तिला पंच समजायचा, कधी वर्कशॉपातला साहेब, एकदा तर चक्क आपली मेलेली आत्या. आणि आता हे नाव, अगदी सहज, चहा मागावा तसं. तिला आनंदच झालेला असतो, पण राग आलाय असं दाखवायचं असतं. आठ महिने झाले, एकदा यायचं सुचलं नाही का, असं ती त्याला फैलावर घेते. भूषणच्या स्वप्नात म्हणे दोनदा जाऊन आलात, बायको काय मेली होती? रेवण ऐकून घेतो. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं मुकाट्यानं ऐकतोय, हेही तिच्या ध्यानात येतं. मग तो म्हणतो की मी रोज येत होतो, दारापर्यंत. तू कान टवकारून पडलेली. जाग असेल तिथं आत कसं यायचं?

दोरांवर त्याच्या चादरी वाळत घातल्यात. त्या दोन वर्षांतल्या, रोज धुवाव्या लागायच्या त्या. चादरींच्या पलीकडे बाकांवर माणसं बसलीत, खच्चून भरलाय हॉल, पण कुणी चकार शब्द काढत नाही. लांबून आगगाडीची शिट्टी येते. हॉल आता फलाटाच्या टोकाला आहे, गाड्या पलीकडून न थांबता जातात आणि त्यांच्या वाऱ्यानं चादरी फुगतात. मथुराबाईला कळतं की वेळ थोडा आहे. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहते.

“मी लवकर वाजवली का हो?”

कशाबद्दल, हे त्याला सांगावं लागत नाही. तो तिला समजावून सांगतो, सावकाश, जसं पूर्वी इन्स्टिट्यूटमध्ये नवीन पोरांना सांगायचा. रिंगच्या खाली टेबलाशी दोन माणसं बसतात. एकाच्या हातात घड्याळ, दुसऱ्याच्या हातात हातोडा. घड्याळवाला खूण करतो तेव्हा हातोडेवाला घंटेवर मारतो. हातोडेवाल्याच्या मनावर काही नसतं. त्याला कुणी कधी विचारत नाही की बाबा, लवकर का वाजवलीस.

छान सांगतो. आठ महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर मथुराबाईनं पदरात गाठ मारून ठेवलं असतं. पण आता ती मान हलवते. स्वप्नात एक बरं असतं, तळाशी दाबून ठेवलेलं आपोआप वर येतं, झाकण कितीही घट्ट बसवा.

“मला पोरासारखं समजावू नका,” ती म्हणते. “खूण कुणीच केली नव्हती. मी माझ्या मनानं वाजवली. आणि तुमच्यासाठी नाही वाजवली. मी दमले होते. गाडी आली असती, नळ्या लावल्या असत्या, पुन्हा घरी आणलं असतं, पुन्हा ते सगळं. मला नको होतं ते. म्हणून वाजवली.”

बोलून झाल्यावर तिला वाटतं, आता हा उठेल आणि जाईल. जावंच. ती वाट बघते. बाकांवरची माणसंही वाट बघताहेत. रेवण तिच्या तोंडाकडे बघत नाही, तिच्या पावलांकडे बघतो, समोरचा किती दमलाय ते पायांवरून कळतं म्हणायचा तो. बराच वेळ बघतो. टाचांच्या भेगा बघतो, घोट्याला आलेली सूज बघतो. मग उठतो, खांद्यावरच्या टॉवेलनं स्टूल पुसतो आणि म्हणतो, “बस.”

ती म्हणते, हे तुमचं आहे.

“माझ्या फेऱ्या झाल्या की सगळ्या. तू केव्हाची उभी आहेस?”

मथुराबाई आठवायला जाते. त्याला विसर पडायला लागला तेव्हापासून की त्याच्याही आधीपासून, सासूच्या आजारपणापासून, का भूषण लहान होता तेव्हापासून, ते काही तिला लागत नाही. स्टूल पुढे आहे. ती बसते. बसल्याबरोबर गुडघ्यातून जी कळ निघते, तिनं डोळ्यांत पाणीच येतं.

तो बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात घालतो. गिळायचं नाही, खुळखुळून थुंक, असं सांगतो आणि बादली पुढे धरतो. आता आली का पंचाईत! चार माणसांत मोठ्यानं शिंकली नाही कधी मथुराबाई. पण ती थुंकते, तोंड भरून थुंकते, आणि तिला इतकं हलकं वाटतं की हसू येतं. तो टॉवेलनं वारा घालतो, मोठ्या मोठ्या हातांनी. मग खाली बसून तिच्या पोटऱ्या चोळायला लागतो. ती पाय आवरून घेते, म्हणते, अहो लोक बघताहेत, नवऱ्यानं पायाला हात लावायचा का. तो मान वर करत नाही. त्याचे अंगठे त्या ताठलेल्या शिरा बरोबर शोधून काढतात.

“गप बस. दोन फेऱ्यांमध्ये एकच मिनिट असतं आपल्याला.”

मग ती पाय सैल सोडते. त्या एका मिनिटात दवाखान्याची गाडी येऊन उभी राहते, वीस मिनिटं उशिरा, लाल दिवा फिरवत, फलाटाला लागून. आतून कुणी उतरत नाही. मथुराबाई तिच्याकडे बघते आणि उठत नाही. कधी नव्हे ते बसून राहते.

रेवणच्या हातात पत्र्याची चपटी डबी आहे. तीत बोट घालून तो व्हॅसलीन काढतो आणि तिच्या भुवयांवर चोपडतो. नाकाकडून कानाकडे, जोर देऊन, एक आणि मग दुसरी. ठोसा तिथंच बसतो आणि फुटलं की रक्त डोळ्यांत उतरतं, म्हणून. त्याच्या भुवयांना त्याचे मास्तर असं लावायचे, तेव्हा ती बायकांच्या बाकावरून बघायची आणि तिला मास्तरांचा हेवा वाटायचा. तिच्या तोंडावरून असा हात आजवर कुणी फिरवलेला नाही. आईनं फिरवला असेल, पण ते आठवायचं वय नव्हतं.

“मला आता कुणाशी खेळायचंय?” ती विचारते. “कोण उरलंय समोर?”

“संध्याकाळ येते ना रोज,” तो म्हणतो.

तिला वाटतं, याला कसं कळलं? दिवेलागणीला दोन्ही खोल्यांतले दिवे लावून ती मधल्या उंबऱ्यात उभी राहते, कुठल्या खोलीत बसावं ते ठरत नाही म्हणून, हे ती कुणाजवळ बोललेली नाही. रेवण तिच्या दोन्ही मुठी हातात घेतो. त्या आवळलेल्या आहेत हे तिला आत्ता दिसतं. सारख्या आवळून ठेवू नयेत, असं तो सांगतो, हात भरून येतात आणि खऱ्या वेळेला उचलत नाहीत. मारायच्या वेळेपुरत्या आवळायच्या. तो एकेक बोट उघडतो.

“भूषणला सांगू का हो मी? ताटाचं?”

“फेरी तुझी आहे.”

कुठंतरी घंटा होते. तिनं वाजवलेली नाही, तिचे हात तर मांडीवर उघडे पडलेत. ती दचकून उभी राहते आणि त्याच क्षणी रेवण स्टूल उचलतो. बादली, बाटली, टॉवेल सगळं गोळा करतो आणि दोरांमधून वाकून बाहेर पडतो. फेरी सुरू झाली की कोपऱ्यातल्या माणसानं रिंगमध्ये थांबायचं नसतं, हे तिलाही माहीत आहे. तरी ती हाक मारते. तो खाली उतरून रिंगच्या कडेला हात टेकवून उभा राहतो. तिथूनच तिच्या पावलांकडे बघत राहतो. मग चादर वाऱ्यानं मध्ये येते.

शेजारच्या कुकरची शिट्टी होते, मागोमाग दुसरी. मथुराबाई डोळे उघडते. चटई आहे, ओटा आहे, खिडकीतून साडेतीनचं ऊन आलंय. घर तेवढंच आहे. दोन तास आपण डाराडूर झोपलो आणि कानांनी एकदाही उठवलं नाही, याची तिला आधी लाज वाटते आणि मग इतकं एकटं वाटतं की ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ पडून राहते. दिवेलागणीला अजून अवकाश आहे. भूषणला त्याआधी फोन करायचा, आपण होऊन करायचा, तो जेवलीस का विचारायच्या आत बोलायला लागायचं. काय बोलायचं ते ठरत नाही, पण ‘दमले होते’ या शब्दांवर तिची जीभ आता अडत नाही. ती पुटपुटून बघते.

उठून मोरीत जाते, नळाखाली ओंजळ धरून तोंडावर पाणी मारते. गालांवरून, कपाळावरून पाणी नेहमीसारखं ओघळून जातं. भुवयांवर मात्र ठरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतं. ती पुन्हा पाणी मारते. पुन्हा तसंच. बोट लावून बघते तर बोट नाकाकडून कानाकडे सरळ घसरत जातं. बोटाला तेलकट लागतं, दाट, पांढरट, वास नसलेलं. घरात तसलं काही नाही, कित्येक वर्षांत नाही.

साबण खोबणीत असतो. मथुराबाई त्याच्याकडे हात नेते आणि मागे घेते. मग टॉवेल घेऊन तोंड पुसते, दोन्ही भुवया सोडून.