रुपाली पाताडेनं मागे घेतलेली सही

लालबागमध्ये रुपाली पाताडेला ओळखणारी माणसं पुष्कळ, पण ती नेमकं काय काम करते हे सांगू शकतील अशी थोडीच. "विमानतळावर आहे," एवढं सगळ्यांना ठाऊक. कोणाला वाटतं ती तिकिटाच्या काउंटरवर बसते, कोणाला वाटतं सामान तपासते. तिचे वडील जयवंत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं फिटर होते. त्यांना कोणी विचारलं की ते चेहरा न हलवता सांगतात, "आमच्या पोरीला विमानं जमिनीवर बसवून ठेवायचा पगार मिळतो."

थट्टाच ती, पण अगदीच खोटी नाही. रुपाली विमानाच्या देखभालीची परवानाधारक इंजिनिअर आहे. मोठ्या कंपन्यांची आठ-दहा आसनांची जेट विमानं असतात, ती तिच्या हँगरमध्ये येतात. टायर झिजला, ब्रेक संपत आला, ठराविक तास उडून झाले, की विमान तिच्या ताब्यात. काम झालं की ती कागदावर सही करते आणि त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही. 'हे काम पुस्तकात सांगितलंय तसं केलं आहे, आता यात माणसं बसू शकतात,' एवढाच त्या सहीचा अर्थ. ही सही करायचा हक्क मिळवायला तिला परीक्षा आणि अनुभव धरून नऊ वर्षं लागली. तिच्या तुकडीत तीन मुली होत्या. दोघींनी मध्येच सोडलं.

ज्या शनिवारची ही गोष्ट, तेव्हा तिला ही सही करायला लागून सतरा वर्षं झाली होती आणि एकदाही तिच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या सकाळी साडेदहाला ती हँगरच्या स्टोअरमध्ये एक बेअरिंग मागायला गेली. स्टोअर सांभाळणारी प्रिती दोन आठवड्यांच्या रजेवरून नुकतीच परतली होती आणि मुदत संपलेली हत्यारं प्रयोगशाळेत पाठवायला बाजूला काढत होती. मोजमापाच्या हत्याराला मुदत असते. ठरलेल्या दिवसांनी ते तपासून आणावं लागतं, आणि पुढची तारीख त्याच्यावर चिकटवलेली असते. ती तारीख उलटली की ते हत्यार हातात घ्यायचं नाही, असा नियम.

"टॉर्क रेंच, चार नंबर," प्रिती यादी वाचत पुटपुटली. "मंगळवारी संपली ह्याची. बघ ना, माझ्या मागे कोणी काढलाच नाही."

रुपाली जागच्या जागी थांबली. गुरुवारी तिनं एका विमानाची दोन्ही मुख्य चाकं बदलली होती. चाकाचा मोठा नट ठरलेल्या जोरानं आवळायचा असतो. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, कमी आवळला तर चाक डुगडुगतं. तो जोर मोजणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच, आणि गुरुवारी तिच्या हातात चार नंबरचाच होता. हत्यार उचलताना आधी तारीख वाचायची हे ती नव्या मुलांना शिकवायची. त्या दिवशी तिनं स्वतः वाचली नव्हती. का, हे तिला आठवेना. घाई नव्हती, कोणी हाक मारली नव्हती. वाचली नाही, एवढंच.

तिनं काय केलं असेल? आधी कामाचा कागद काढून नंबर ताडून पाहिला. चारच होता, तिच्याच अक्षरात. मग खिशातून फोन काढला.

विमान शुक्रवारी नाशिकला गेलं होतं आणि दुपारी चारला तिथून हैदराबादला निघणार होतं. पायलट राजस वेलकर हॉटेलात नाश्ता करत होता.

"कॅप्टन, विमान उडवू नका," रुपाली म्हणाली. "गुरुवारची माझी सही मी मागे घेतेय."

राजसनं विचारलं, "काय झालंय?"

"चाकांचे नट मी मुदत संपलेल्या रेंचनं आवळले. मी येते तिकडे. तोवर ओढूनसुद्धा हलवायचं नाही."

"ठीक आहे, मॅडम. मी विमानाच्या लॉगबुकात नोंद करतो."

एकदा ते लॉगबुकात चढलं की गोष्ट लपणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

मग ती मॅनेजर हेरंब सामंतांच्या केबिनमध्ये गेली. सामंत तसा भला माणूस, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"दोन दिवस, रुपाली," ते म्हणाले. "मंगळवारपर्यंत बरोबर असलेला रेंच गुरुवारी बिघडतो का? विमान काल उडून उतरलंसुद्धा. रात्रीपर्यंत परत येईल, तेव्हा इथेच बघू की."

"सर, तो बिघडला नसेलही. पण मला ते माहीत नाही. माहीत नसताना माझी सही त्यावर राहू शकत नाही."

"तुझं नाव जाईल वर. डीजीसीएला कळवावं लागेल, परवाना त्यांच्या हातात असतो."

"मीच लिहिते रिपोर्ट. आल्यावर."

सामंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "गाडी घेऊन जा. दीपकला ने बरोबर."

दीपक आंग्रे हा पन्नाशीचा मेकॅनिक. गुरुवारी चाक धरायला तोच होता. त्यानं जॅक आणि मुदतीतला दुसरा रेंच गाडीत चढवला. निघण्यापूर्वी रुपालीनं त्या रेंचवरची तारीख मोठ्यानं वाचली आणि दीपकनं ती पुन्हा वाचली. कसारा घाटात दीपक म्हणाला, "मॅडम, मी पण बघितलं नाही हो त्या दिवशी."

"सही माझी आहे, दीपक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

साडेतीनला ते पोचले. विमानाच्या सावलीत एक उंच, वयस्कर गृहस्थ उभे होते. शरदचंद्र कोठारे, ज्यांच्या कंपनीचं ते विमान. गिरगावातलं जुनं घराणं, आणि आता रुग्णालयांना लागणारी यंत्रं बनवण्याचा कारखाना. हैदराबादला सहा वाजता त्यांच्या हस्ते एका डायलिसिस केंद्राचं उद्घाटन होतं.

"विमानात दोष आहे का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. तेच बघायला आले आहे."

"म्हणजे नसेलही?"

"नसेलही. तपासायला दोन तास लागतील. तुमचा कार्यक्रम चुकेल, आणि ती चूक माझी आहे."

कोठाऱ्यांनी खिशातून फोन काढून हैदराबादला कळवलं, की फीत तिथल्या डॉक्टरांनीच कापावी, मी रात्री जेवायला येतो. ते आत जाऊन बसले नाहीत. भर उन्हात खुर्ची मागवून तिथेच थांबले.

रुपालीनं उजवं चाक जॅकवर उचललं, नट फिरू नये म्हणून घातलेली कुलूपपिन काढली, नट सैल केला आणि पुस्तक समोर उघडून पहिल्यापासून सुरुवात केली. चाक हातानं फिरवत आवळायचा, पुन्हा सैल करायचा, मग शेवटच्या जोरापर्यंत आणायचा. एकेक पायरी दीपक वाचायचा, ती करायची आणि पुढे खूण करायची. मग डावं चाक, तसंच. सतरा वर्षांत हे काम तिनं शेकडो वेळा केलं असेल, पण त्या दुपारी तिनं एकही ओळ पाठ आहे म्हणून सोडली नाही. पावणेसहाला तिनं नवी सही केली. सहा वाजून दहा मिनिटांनी विमान उडालं. ते दिसेनासं होईपर्यंत दीपक हात कपाळावर धरून बघत होता आणि रुपाली हत्यारं मोजून पेटीत भरत होती.

घरी पोचली तेव्हा आई शेवंती जेवायची थांबली होती. रुपालीच्या समोरचं पान तसंच पडलेलं पाहून म्हणाली, "काय झाला गो? ताट तसाच कित्याक?"

रुपालीनं आईवडिलांना सगळं सांगितलं. परवान्यावर गदा येऊ शकते, हेही. जयवंतांनी नेहमीची थट्टा केली नाही. "रिपोर्टात सगळं लिहिलंस?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, उद्या लिहिणार. "मग आता जेव," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या पानात भात वाढला. तिच्या आठवणीत त्यांनी पहिल्यांदाच कोणाला वाढलं होतं.

रविवारी बसून तिनं चार पानी रिपोर्ट लिहिला. त्यात प्रितीच्या रजेचा उल्लेख एका ओळीत होता, दीपकचं नाव फक्त साक्षीदार म्हणून होतं, आणि 'मी तारीख वाचली नाही' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात होतं. चौकशी झाली. परवाना शाबूत राहिला, पण तिच्या कंपनीनं पंधरा दिवस तिचा सहीचा अधिकार काढून घेतला. ते दिवस ती स्टोअरमध्ये प्रितीशेजारी बसली. दोघींनी मिळून एकेक हत्यार बाहेर काढून यादीशी ताडलं, आणि रुपालीच्या सांगण्यावरून कामाच्या कागदावर एक नवा रकाना आला. काम सुरू करण्यापूर्वी हत्याराची तारीख तिथे लिहायची आणि दुसऱ्यानं ती वाचून शेजारी आपली आद्याक्षरं लिहायची. सामंतांनी तो त्याच आठवड्यात लागू केला.

पंधरा दिवस संपले त्याच सकाळी कोठाऱ्यांचा सामंतांना फोन आला. विमानाची वार्षिक तपासणी जवळ आली होती. "त्या पाताडेबाईंकडेच द्या," ते म्हणाले. "वेळ लागला तर लागू द्या."

आता दर वर्षी नवे इंजिनिअर आले की सामंत पहिला तास रुपालीला देतात. ती नियमांपासून सुरुवात करत नाही, त्या शनिवारच्या गोष्टीपासून करते, आणि स्वतःची चूक आधी सांगते. यंदा पहिल्या बाकावरच्या पूर्वी नावाच्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, पण रेंच शेवटी बरोबरच निघाला ना?"

"अगदी बरोबर," रुपाली म्हणाली. "प्रयोगशाळेचा कागद पुढच्या मंगळवारी आला. विमान शनिवारी उडणार होतं."