साणं गेलं, पंखा आला

तर काल साण्याची गोष्ट अर्धीच राहिली. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, त्या घरात चुलीच्या बरोबर वर छताला एक भोक होतं, त्यालाच साणं म्हणायचे. त्यावर पालथं मडकं. घर ताडकळसच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्या ग्यानबाचं, त्याची बायको कासाबाई. ती उठली की आधी काठीनं ते मडकं बाजूला सारायची, मगच काडी ओढायची. वर खरखर झाली की शेजारी म्हणायचे, "उठली बघा कासाबाई." धूर वर गेला की मागून त्याच वाटेनं ऊन खाली उतरायचं. ते पीठ मळायच्या काटवटीवर आलं म्हणजे भाकरीला उशीर झाला. घड्याळ लागतंय कुणाला?

गावातल्या बाळंतिणीला न्हाऊ घालावं तर कासाबाईनंच. तान्हं पोर तिच्या पायावर आलं की रडणं विसरायचं. नियम मात्र कडक, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. खिडकीच्या फटीत चिंध्या, दाराच्या खाली गोणपाट. आणि नवरा असा मिळाला की ज्यानं जन्मात दार लावलं नाही. लग्नापासून ती त्याला टोमणा मारायची, "शेपूट मागं ऱ्हायलं का तुमचं?"

पुढं माळवद पाडून त्यांच्या मुलानं, अमृतनं, स्लॅबचं घर बांधलं. चुलीसाठी कासाबाई हटून बसली. गॅसच्या पाण्यानं अंग मोकळं होत न्हाई, म्हणे. अमृतनं चुलीवर पत्र्याचं धुराडं काढलं, शिवाय भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला.

"आई, आता साण्याचं विसर. बटन दाबलं की धूर गायब."

पूस महिन्याच्या थंडीत लेक दिपाली बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली. स्वयंपाकघराला लागूनच तिची बाज टाकली. स्वतःचीच लेक म्हटल्यावर कासाबाईनं घराची एक फट सोडली नाही. सकाळी न्हाणाच्या पाण्याला चूल पेटवली, पंखा लावला. धुराडं असून धूर घरातच घुटमळायला लागला. तिनं पंखा वाढवला, तर धूरही वाढला. असं रोजच व्हायला लागलं. दिपालीचं डोकं जड, पोटात मळमळ. कासाबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग एका सकाळी दिपाली हाकेला नुसते डोळे किलकिले करायला लागली आणि बाळ दूध धरेना.

तेवढ्यात ग्यानबा शेळीचं दूध घेऊन आला आणि सवयीनं दार उघडं टाकून उभा राहिला. कासाबाई ओरडायला वळली. बघते तर चुलीच्या तोंडातून बाहेर आलेला धूर माघारी फिरून धुराड्यात चढायलाय.

"दार..." एवढंच ती म्हणाली.

"लावायलोय की बाई," म्हणत ग्यानबानं दार ओढलं. धूर पुन्हा खोलीत.

"उघडा. समदं उघडा, आन् पोरीला भाईर घ्या."

बाज अंगणात उन्हात आली. अमृतनं मायलेकींना परभणीला दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पंखा हवा बाहेर ओढतो, तेवढी हवा आत यायला वाट नसली तर तो धुराड्यातूनच खाली ओढतो, धुरासकट. त्यातला विषारी वायू तर दिसतही नाही, वासही येत नाही.

दोघी बऱ्या होऊन घरी आल्या तसा अमृत पहार घेऊन चुलीपुढं उभा राहिला.

"फोड," कासाबाई म्हणाली. "पर चुलीनं काय केलं? चिंध्या तर म्या कोंबल्या."

अमृतनं पहार खाली ठेवली. आता चूल पेटली की पंखा बंद. बाळंतिणीच्या शेकाची निखाऱ्याची शेगडीही बंद खोलीत न्यायची नाही. आणि चुलीजवळच्या खिडकीची तावदानंच काढून अमृतनं जाळी ठोकली, म्हणजे कुणी लावायचं म्हटलं तरी लागू नये. सकाळचं ऊन त्या जाळीतून आत येतं. काटवटीपर्यंत पोचत नाही, पण कासाबाई त्या खिडकीला साणंच म्हणते.

परवा गीताबाईच्या सुनेला न्हाऊ घालायला तिला बोलावणं आलं. तिथंही मोरीत चूल, वर पंखा, फटीफटीत चिंध्या. कासाबाईनं पातळ खोचलं आणि तेलाला हात लावायच्या आधी चिंध्या उपटून खिडकी सताड उघडली.

गीताबाई हबकली. "अगं कासाबाई, आमाला शिकवलं तूच की. बाळंतिणीला वारा लागंल ना."

"लागू दे. सर्दी झाली तर ओव्याचा शेक देते मी. दमच कोंडला तर माझ्याकडं औशिद न्हाई. आन् ते दार बी लावू नको, आमचं म्हातारं मागून दूध घेऊन यायलंय, त्याला उघडंच लागतंय."