आई गेली

पावाच्या कारखान्यात त्यांना सगळे रजाबाई म्हणत. कुणाची रजा मंजूर, कुणाची नामंजूर, ते त्यांच्याच खिडकीतून कळे. मनाने लोण्यासारख्या, पण जीभ विचाराच्या पुढे धावायची.

त्या सकाळी खिडकीशी दोघे रजेवरून भांडत होते, तेवढ्यात भट्टीवाल्याचा फोन आला.

"बाई, आई गेली."

आई बरी झाली की परदेशी बहिणीकडे जाणार, असं तो महिनाभर सांगत होता. बाई बोलून गेल्या, "अरे वा! परत कधी येणार?"

पलीकडे नुसता श्वास. मग फोन बंद.

आई वारली होती, हे बाईंना उमगलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच माउलीसाठी रोज दिव्यापुढे त्या दोन शब्द बोलत होत्या. जिभेला हाड नाही म्हणतात ते हेच! पुन्हापुन्हा फोन लावला, तो उचलेना.

आणि दुपारी बघतात तर स्वारी भट्टीपाशी उभी.

"अरे, तू इथे?"

"बहीण निघालीय, बाई. आमच्यात लेकीने तोंड बघितल्याशिवाय माती देत नाहीत. तोवर आई दवाखान्याच्या शवागारात. घरी भिंतींकडे बघून काय करू? रजा मातीच्या दिवसापासून द्या."

पण नियम होता, रजा मृत्यूच्या दिवसापासून. म्हणजे बहीण येईपर्यंत ती संपणार. आईच्या दवाखान्यापायी त्याचे खाडे आधीच झाले होते. आणखी एक झाला तर नोकरी जाणार होती.

बाई अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब हसले. "आई मरून पडलीय आणि हा पाव भाजतोय? थाप आहे, बाई."

बाईंच्या घरात माणूस गेलं की चूलसुद्धा पेटत नसे. क्षणभर त्यांनाही शंका चाटून गेली. मग तो फोनवरचा श्वास आठवला.

"साहेब, प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी. रजा मातीसाठी आहे ना?"

"खोटं निघालं तर तुमच्यावर येईल."

घरी दोन लेकरं, नवऱ्याचं काम सुटलेलं. "येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

मग नुसती वाट. फोन वाजला की बाई झडप घालून उचलत. बहीण आलीच नाही तर? देवा, याला खोटा पाडू नकोस, आणि मलाही.

अखेर तो खिडकीशी आला, डोळे सुजलेले. "ताई पोचली, बाई. उद्या सकाळी माती."

बाईंनी देवाचं नाव घेतलं. "त्या दिवशी मी फोनवर जे विचारलं, बाबा…"

"आईला सांगितलं मी. म्हटलं, आमच्या रजाबाई विचारतायत, परत कधी येणार?" तो हसायला गेला आणि ओठ मुडपून थांबला. "येतो, बाई."

"ये. सावकाश ये."