हिरवं कार्ड

“दीदी, कार्ड है ना? लाइन में क्यों खड़ी हो?” गेटवरच्या गार्डने विचारलं.

मी नुसती हसले. कार्ड पिशवीतच होतं. संघटना सोडून मला पाच दिवस झाले होते.

मी दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत तीन घरी स्वयंपाक करते. इथे कामवाल्या बायकांना गेटवर थांबवतात. गार्ड घरी फोन लावतो. घरच्यांनी हो म्हटलं की आत सोडतो. जाताना पिशवी उघडून बघतो. कुणी काही दिलं असेल तर घरच्यांची चिठ्ठी दाखवावी लागते. आम्ही बायकांनी संघटना केली, भांडलो आणि संघटनेतल्या बायकांसाठी सोसायटीकडून हिरवं कार्ड घेतलं. कार्ड दाखवलं की फोन नाही, झडती नाही. अर्जावर पहिली सही संघटना चालवणाऱ्या कमलादीदीची, दुसरी माझी. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण सही येते.

संघटनेचा एक नियम होता. ज्या घराने बाईचा अपमान करून तिला काढलं, त्या घरी कुणीच जायचं नाही. त्यालाही मी हात वर केला होता.

मग कुलकर्णी आजींच्या घरी चांदीची वाटी हरवली. सुनेने झाडू-पोछावाल्या बिमलाला चोर म्हणून काढलं. दोन दिवसांनी वाटी पलंगाखाली सापडली. सुनेने माफी मागितली नाही. नियमाप्रमाणे ते घर आम्हा सगळ्यांना बंद झालं. तिथला स्वयंपाक माझ्याकडे होता, तो मी सोडला.

आजी अंथरुणावर असतात. मऊ भातच खाऊ शकतात. सून आणि मुलगा सकाळी मेट्रोने ऑफिसला जातात. काम सोडल्याच्या चौथ्या दिवशी मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेले. आजींच्या उशाशी दुधात भिजवलेला ब्रेड होता, तसाच. मी कुकर लावला. मग खाली येऊन कमलादीदीला सांगितलं.

“हाथ तो तूने भी उठाया था,” ती म्हणाली.

“उठाया था. अब मेरा नाम काट दो.”

“बुढ़िया से इतना प्यार? और बिमला?”

“नाम काट दो,” मी पुन्हा म्हटलं.

तिने नाव कापलं. कार्ड मागितलं नाही. मीही दिलं नाही. पहिल्या घरच्या मॅडम साडेसातला निघतात. त्यांचा डबा उशिरा झाला तर ते काम जाणार, हे मला माहीत होतं. म्हणून चार दिवस मी कार्ड दाखवून आत गेले.

चौथ्या दिवशी मागे बिमला होती. तिने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून पाचव्या दिवशी मी रांगेत उभी राहिले. दुपारी कमलादीदीला कार्ड दिलं.

“रख ले, पगली. मेहनत तेरी भी थी.”

“थी. पर अब मैं तुम्हारे साथ नहीं हूँ ना.”

तिने कार्ड घेतलं आणि पदराने पुसलं. का ते कळलं नाही. ते स्वच्छच होतं.

पुढच्या आठवड्यात गार्डने फोन लावला की मॅडम बाथरूममध्ये. दोनदा डबा राहिला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “मला कार्डवालीच बाई हवी.” ते घर गेलं. तिथे बिमला लागली. तिला पोळ्या येतात.

आजींनी एकदा नारळाच्या दोन वड्या दिल्या. चिठ्ठी त्यांनीच लिहिली. हात थरथरतो, अर्धं पान भरलं. गार्डने गेटवर मोठ्याने वाचली, “वड्या दोन. मीच दिल्या. हिला थांबवू नये.” रांगेतल्या बायका हसल्या. कार्ड दाखवून शेजारून निघालेली बिमलाही हसली. गार्डने वड्या मोजल्या आणि मला सोडलं.

कार्ड परत करायला एक मिनिट लागलं. रांगेत रोज वीस मिनिटं जातात. मी आता घरून तेवढी आधी निघते.