चिमूटभर लाडू

डॉक्टरांनी ओवीच्या रिपोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शेंगदाणा पूर्ण बंद. कणभरही नाही." त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. तीन वर्षांचं लेकरू, चिक्कीचा एक तुकडा खाल्ला तर ओठ सुजले आणि श्वास घरघरायला लागला. आमच्याकडे भाजीत कूट, चटणीत कूट, आणि उपासाला तर दाण्यांवाचून पान हलत नाही. कुटाचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला, मिक्सरचं भांडं तीनतीनदा घासलं, तरी ओवीचा प्रत्येक घास मी आधी हुंगून बघायचे.

त्यात सासूबाई सिल्लोडहून आल्या आणि म्हणाल्या, "असलं दुखणं आपल्या खानदानात कुणाला नव्हतं." वाईट हेतूनं नाही म्हणाल्या, पण मला ते लागलं. मग मी ही गोष्ट झाकूनच ठेवायला लागले. कुणाच्या वाढदिवसाला गेलं, तर पोरीचं पोट बिघडलंय अशी थाप मारायची आणि लवकर निघायचं. जाताना सासूबाई सांगून गेल्या, "खुलताबादला भद्रा मारुतीच्या पायावर घालून आण तिला. देवाच्या दारचा प्रसाद कुणाला बाधत नाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. श्रावणातल्या एका शनिवारी नवरा वाळूजला कामावर गेला आणि मी ओवीला घेऊन सकाळच्या एसटीत बसले. डॉक्टरांनी तातडीच्या वेळेसाठी दिलेली औषधाची पिशवी मुद्दाम घरी ठेवली. ती सोबत नेली तर विश्वास कसला, असं मला वाटलं.

दर्शन झालं. मूर्तीसमोर मी एवढंच म्हणाले, आज काय ते दाखव. बाहेर रस्त्याच्या कडेला गावातल्या काही बायका मांडवाखाली राजगिऱ्याचे लाडू वाटत होत्या. प्रसादात काय घातलंय ते विचारायचं नसतं आणि पुढं आलेला हात परतवायचा नसतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय मला विचारायची गरजच नव्हती. भाजक्या दाण्यांचा वास मला दुरूनच आला होता. लाडू घेतला आणि त्यातली चिमूट मोडली. ओवीनं लगेच आ केला. माझ्या हातून ती काहीही खाते.

"ह्याच्यात दाण्याचा कूट हाय बरं, माय. लेकराला चालतो का?"

परातीमागं बसलेली म्हातारी माझ्याकडे बघत होती. माझ्या आधी पंधरावीस जणांनी लाडू नेले होते, त्यात लेकुरवाळ्याही होत्या. त्यांतल्या कुणालाच तिनं काही विचारलं नव्हतं. मी "नाही" म्हणाले. चारचौघांत हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला, आणि पाठोपाठ रडूच फुटलं. डॉक्टरांचं, पिशवीचं, सासूबाईंचं, सगळं त्या अनोळखी बाईसमोर बोलून गेले.

तिनं माझ्या हातातला लाडू काढून घेतला. "मग देवाला कशाला पेचात टाकायलीस? त्यानं तुला डोळे दिले, नाक दिलं, ते काय उगंच?" मला लोटीनं पाणी देऊन हात चोळून धुवायला लावले. मग मागच्या टोपलीतलं एक केळं ओवीच्या हातात दिलं. "सालीतलं हाय. आत कुणाचा हात लागला नाय. हा बी परसादच."

तिनं मलाच का विचारलं, ते मला ठाऊक नाही. माझा चेहरा पाहून असेल, किंवा दुसरं काही. मी ते खोदत बसत नाही. परतीच्या गाडीत ओवी मांडीवर झोपली आणि मी खिडकीकडे तोंड करून दौलताबादचा घाट संपेपर्यंत रडले.

ओवीची ॲलर्जी गेलेली नाही. जाईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. भीती रोजची आहे. आता औषधाची पिशवी देवघराशेजारीच टांगलेली असते आणि प्रसाद देणाऱ्याला मी दोन्ही हात जोडून आधी विचारते. पूर्वी शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं, असं मी समजत होते. त्या शनिवारी देवानं माझ्या लेकीला वाचवलं, आणि तेही माझ्याच हातापासून.